मिरीला फूल येत नाही? पानमळ्याच्या या सवयी टाळा

मिरजेच्या पूर्वेला, बेडग-आरग-नरवाडच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला वेल बांधायला शिकवावं लागत नाही. पण अख्खा जन्म पानमळ्यात गेला तरी नागवेलीचं फूल किती जणांनी पाहिलंय? पान खुडायचं, वेल उतरवायची (आधारावरून सोडवून खाली घ्यायची), पुन्हा बांधायची, एवढ्यातच वर्ष सरतं. नागवेल आणि मिरी एकाच कुळातल्या. म्हणूनच पानमळेवाल्याने दारातल्या नारळावर मिरी चढवली की हात जुन्याच सवयीने चालतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

माझंच घ्या. तिसऱ्या पावसाळ्यात पानासमोरून हिरवट-पिवळे, दोऱ्यासारखे तुरे लोंबायला लागले. मला वाटलं, काहीतरी रोग आहे. कात्री घेतली, सगळे छाटले, आणि फुलांची वाट बघत बसलो. अहो, ते तुरे म्हणजेच फुलोरा होता!

या कुळातल्या फुलांना पाकळ्या नसतात, बाहेरची हिरवी दलंही नसतात. एका तुऱ्यावर शंभरच्या आसपास फुलं दाटीने बसलेली असतात, प्रत्येक फूल एका बारीक खवल्याच्या आड. लागवडीच्या मिरीत एकाच फुलात दोन पुंकेसर आणि एक अंडाशय असतो. अंडाशयात बीजांड एकच, म्हणून एका फुलाचा एकच दाणा. फुलं देठाकडून टोकाकडे उमलत जातात. त्यातही पराग झेलणारी कुक्षी आधी तयार होते, परागकोश मागाहून फुटतात. पराग तुऱ्यावरून खाली सरकवायला पावसाचे थेंब मदत करतात. कुंडीतल्या पेपरोमिया या शोभेच्या रोपाची उभी शेपटीही याच घराण्यातली, तीही कापू नका.

दरवर्षी वेल उतरवणं ही दुसरी चूक. खोडाला मुळ्यांनी चिकटून वर चढणाऱ्या फांदीला तुरा येत नाही. तो येतो तिच्या बाजूला फुटणाऱ्या आडव्या फांद्यांवर, नव्या पालवीसोबत. नागवेलीसारखी वेल सतत खाली ओढली, तर याच फांद्या मोडतात. रोप करतानाही हा फरक लक्षात ठेवा. आडव्या फांदीचं कलम लावलं तर कुंडीत झुडूप होईल, लवकर फळेलही, पण नारळावर चढणार नाही. चढणारी वेल हवी असेल तर बुंध्याजवळून जमिनीवर धावणाऱ्या फांदीचं रोप घ्या. वाण्याकडची मिरी पेरण्याच्या फंदात मात्र पडू नका. वाळलेला दाणा उगवत नाही.

सावलीचंही तसंच. पानमळ्यात शेवरी-हादग्याची गर्द सावली लागते, पान कोवळं राहतं. मिरीला तेवढ्या अंधारात पाला येतो, तुरे कमी लागतात. केरळातून आलेली पन्नीयूर-१ ही जात तर उजेडाचीच. पावसाळ्याआधी आधाराच्या झाडाच्या फांद्या विरळ करा.

पाटण-जावळीकडे पाऊस वेलीची काळजी घेतो. मिरज-तासगावात जूनमध्ये दोन सरी येतात, तुरे निघतात, आणि मग पंधरा-वीस दिवस आभाळ कोरडं. त्या उघडिपीत तुरे गळतात. अशा वेळी पाणी द्या, वेलीवरही फवारा मारा. मात्र बुंध्याशी पाणी साठू देऊ नका. वेल सुकवून मारणारा मर रोग पानमळ्यात काय करतो ते तुम्हाला सांगायला नको, मिरीतही तेच होतं.

पिंपळी ही याच कुळातली औषधी वेल लावणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. तिच्यात नर-मादी वेली वेगळ्या असतात. नराचा तुरा लांब, बारीक. मादीचा आखूड, जाडसर, आणि औषधाची पिंपळी त्याचीच होते. फुकट मिळालं म्हणून नराचंच रोप वाढवत गेलात, तर वेल पसरेल, पिंपळी मिळणार नाही.

आणि मिरी धरली की घोस पूर्ण लाल होण्याची वाट बघू नका. काळ्या मिरीसाठी घोसातले एक-दोन दाणे लालसर झाले की तोडा, दाणे सोडवा, उन्हात वाळवा. सगळे पिकू दिले तर अर्धे बुलबुल नेतात.