आपल्यामागे त्याचं कोण? दिव्यांग मुलाचे कागद वेळेत कसे करावेत

वडिलांचा महिना झाल्यावर सातबाऱ्यावर वारसनोंद लावायला आम्ही तलाठ्यांकडे गेलो. कोरेगाव तालुक्यातलं आमचं गाव. दीड एकर बागायत, आणि वारस तीन: आई, मी आणि धाकटा भाऊ. भाऊ तेव्हा चोवीस वर्षांचा होता. तो जन्मापासून बौद्धिक दिव्यांग आहे. बरोबर आलेले एक चुलते तिथंच म्हणाले, "त्याचं नाव कशाला लावताय? उद्या कर्ज काढायचं झालं तर अडचण. हक्कसोड करून घ्या, अंगठा मारंल की तो."

आई माझ्याकडे बघत राहिली. हे चूक आहे एवढं कळत होतं, पण का चूक आहे ते सांगता येत नव्हतं. आज येतं. हिंदू वारसा कायदा १९५६ च्या कलम २८ प्रमाणे आजार, व्यंग किंवा अपंगत्व या कारणाने कुणाचाही वारसाहक्क जात नाही. आणि ज्याला व्यवहार समजत नाही त्याचा अंगठा घेऊन केलेला दस्त कायद्यापुढे टिकत नाही. भावाचं नाव लागलं. पण त्याच्या वतीने सही कोण करणार, हा प्रश्न उरलाच, आणि तो सोडवायला आम्हाला वर्ष घालवावं लागलं. वडील असताना केलं असतं तर खूप कमी धावपळीत झालं असतं.

सातारा जिल्ह्यातल्या घरांसाठी हा क्रम लिहितेय. मूल दोन वर्षांचं असो की तिशीचं, सुरुवात पहिल्या पायरीपासूनच करा. पुढचं प्रत्येक काम मागच्या कागदावर उभं आहे.

१. आधी नाव एकसारखं करा

जन्मदाखला, आधार, रेशनकार्ड, शाळेचा दाखला आणि बँकेचं पासबुक एका ओळीत मांडा आणि नावाचं अक्षर न् अक्षर जुळवून बघा. आमच्याकडे वडिलांचं नाव एका ठिकाणी दत्तात्रय आणि दुसऱ्या ठिकाणी दत्तात्रेय होतं. एवढ्यावरून अर्ज दोनदा परत आला. आधारसाठी बोटांचे ठसे वयाच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षी द्यावे लागतात, तेही राहिलं असेल तर करून घ्या. फोटो आणि झेरॉक्सचे पाच-पाच संच काढून एकाच फाइलमध्ये ठेवा. मूळ कागद कुठल्याही कार्यालयात ठेवून येऊ नका.

२. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र)

सगळ्याचं मूळ हेच. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. दिसणं, ऐकणं, चालणं एवढंच त्यात येतं असं बऱ्याच जणांना वाटतं. पण स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन हेही त्यात आहेत. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. सेतू केंद्रातही भरून देतात. मग तपासणीसाठी सिव्हिलला, म्हणजे सदर बझारच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात. तपासणीचे वार ठरलेले असतात. माण-खटावच्या बाजूने येणाऱ्यांनी वार विचारल्याशिवाय एसटीत बसू नये. त्या दिवशी आपल्याला हवे ते तज्ज्ञ आहेत का हेही विचारा, नाहीतर कानाच्या तपासणीला जावं आणि कानाचे डॉक्टर रजेवर असावेत असं होतं.

इथं जरा थांबून सांगते, कारण खरी चूक इथंच होते. भावाची तपासणी चालू होती. मानसशास्त्रज्ञ बाईंनी टेबलावर नाणी ठेवली आणि विचारलं, "किती आहेत?" भावाने आईकडे बघितलं. आईच्या तोंडून पटकन गेलं, "सांग की, सात." तो म्हणाला, "सात." पुढचे दोन-तीन प्रश्नही असेच गेले. आईचा हेतू एवढाच, की लोकांसमोर लेकराची लाज राहावी. शेवटी बाईंनी शांतपणे आईला बाहेर बसायला सांगितलं आणि सगळं पहिल्यापासून विचारलं. आई तिथंच बसून राहिली असती, तर कागदावर टक्के भलतेच आले असते.

म्हणून आदल्या रात्री एका पानावर लिहून काढा: अंघोळ स्वतः करतो का, शर्टाची बटणं लागतात का, एकटा दुकानात जाऊन सुटे पैसे परत आणतो का, रस्ता ओलांडतो का, फिट येते का, शेवटची कधी आली. चांगल्या दिवसाचं नको, रोजचं लिहा. ते पान डॉक्टरांच्या हातात द्या आणि तपासणीत गप्प बसा. हे गप्प बसणं आईबापाला फार जड जातं, मला माहीत आहे.

टक्केवारी पटली नाही तर ९० दिवसांत अपील करता येतं. लहान मुलांना बहुतेकदा ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं. त्यावरची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुदत संपली की पेन्शनपासून एसटीच्या पासपर्यंत सगळं अडतं.

३. मूल लहान असेल तर

प्रमाणपत्राची वाट बघत उपचार थांबवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. मान धरत नाही, हाक मारल्यावर बघत नाही, दोन वर्षं झाली तरी बोलत नाही, असं काही असेल तर अंगणवाडी ताईंना स्वतः सांगा. तिथून जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. "आमच्यात पोरं उशिराच बोलतात" हे वाक्य मी ज्या ज्या घरात ऐकलं, त्यातल्या निम्म्या घरांत नंतर हळहळ ऐकली.

४. शाळा

"आमच्याकडे सोय नाही, दुसरीकडे बघा," असं शाळा तोंडी सांगते. तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. प्रवेशाचा अर्ज लेखी द्या, झेरॉक्सवर पोच घ्या, नकारही लेखी मागा. लेखी मागितल्यावर निम्मे नकार तिथंच विरघळतात. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ते शेजारच्या शाळेत घ्यायचं की विशेष शाळेत, हे पालकांनी ठरवायचं. मूल अंथरुणाला खिळलेलं असेल तर घरी येऊन शिकवण्याची तरतूद आहे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून मिळतात. तिथं जाऊन मुलाचं नाव यादीत आहे का ते स्वतः बघा. खासगी शाळांतल्या आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के जागांसाठीही दिव्यांग मूल पात्र असतं.

दहावीला जादा वेळ (तासाला २० मिनिटं), लेखनिक, विषयांतल्या सवलती असं बरंच मिळतं. सातारा जिल्हा कोल्हापूर विभागीय मंडळात येतो आणि प्रस्ताव शाळेमार्फत जातो. तो फेब्रुवारीत आठवून उपयोग नाही. नववी संपली की लगेच मुख्याध्यापकांकडे विषय काढा. पुढे सरकारी आणि अनुदानित कॉलेजात ५ टक्के जागा, वयात ५ वर्षांची सूट आणि सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे.

५. महिन्याचा आधार

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये झाले, आधी १,५०० होते. दिव्यांगांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत जातो. बँक खातं आधारला जोडलेलं पाहिजे आणि हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. पैसे अचानक थांबले तर या दोनपैकी एक कारण आधी तपासा.

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करावा लागतो, हे गावात फार कमी लोकांना ठाऊक असतं. १५ ऑगस्टच्या किंवा २६ जानेवारीच्या ग्रामसभेत उठून विचारा: निधी किती होता, कुणाला दिला. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. आमच्या गावात एका आजोबांनी असं विचारलं आणि त्या वर्षी पहिल्यांदा दिव्यांगांची यादी झाली.

एसटीत ७५ टक्के सवलत आहे. ६५ टक्क्यांच्या वर दिव्यांगत्व असेल तर सोबत्यालाही निम्मं तिकीट पडतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी राष्ट्रीय न्यास (नॅशनल ट्रस्ट) या केंद्र सरकारच्या संस्थेची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना आहे. वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण, वयाची अट नाही, आधी तपासणी नाही, थेरपीचा खर्चही बसतो. दरवर्षी नूतनीकरण तेवढं विसरू नका.

पगारदार पालकांना व्यवसाय कर माफ होतो, म्हणजे वर्षाला २,५०० रुपये वाचतात. जुन्या करप्रणालीत राहिलात तर मुलासाठी ७५,००० रुपयांची, आणि ८० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट मिळते.

आणि आपल्या जिल्ह्यासाठी खास एक गोष्ट. इथं घराघरात फौजी आहेत, अपशिंगे तर मिलिटरी म्हणूनच ओळखलं जातं. माजी सैनिक असोत, शिक्षक असोत की सरकारी कर्मचारी, स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला आईवडिलांच्या पश्चात आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. पण मुलाचं नाव आणि दिव्यांगत्व आपण हयात असतानाच नोंदवलेलं बरं. सैनिकांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात, बाकीच्यांनी आपल्या कार्यालयात आजच चौकशी करावी. आईवडील गेल्यावर हे सिद्ध करत बसणं भावंडांना महिनोन् महिने पुरतं.

६. अठरावं वर्ष: पालकत्व

मूल अठराचं झालं की कायद्याच्या नजरेत ते सज्ञान होतं आणि आईवडिलांचं नैसर्गिक पालकत्व संपतं. पंचवीस वर्षांच्या मुलाला आई घास भरवत असली, तरी त्याच्या खात्यावर तिची सही चालत नाही. आम्हाला एका बँकेत हेच ऐकावं लागलं. भाऊ खुर्चीत बसून पेनाचं टोपण काढत-लावत होता आणि साहेब म्हणत होते, "सही त्यांचीच लागेल."

वर 'निरामय'मध्ये सांगितलेल्या चार प्रकारांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानिक समिती असते. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष, सोबत नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. चौकशी सदर बझारला जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात करा. नमुना 'अ' मध्ये अर्ज द्यायचा. आईवडील अर्ज करू शकतात, ते नसतील तर नातेवाईक. प्रमाणपत्र, जन्माचा पुरावा, दिव्यांग व्यक्तीचं आणि होणाऱ्या पालकाचं ओळखपत्र आणि त्या पालकाची संमती लागते. आम्ही घरातल्या सगळ्यांची लेखी संमती आधीच जोडली, त्याने काम सोपं झालं. सुनावणीला दिव्यांग व्यक्तीला घेऊन जावं लागतं. डबा आणि एखादी ओळखीची वस्तू बरोबर ठेवा, वेळ लागतो.

पालकत्वाचं प्रमाणपत्र मिळालं की बँकेनेही ते मानायचं असतं, तशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. पण पालक म्हणजे मालक नव्हे. सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब समितीला द्यावा लागतो. ही अट मला फार योग्य वाटते. माझ्या भावाच्या पैशाचा हिशेब मला कुणीतरी विचारलाच पाहिजे.

मानसिक आजार किंवा इतर दिव्यांगत्व असेल तर वाट वेगळी आहे. २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्व आहे. म्हणजे ठरावीक कामासाठी, ठरावीक काळासाठी, आणि त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून. त्यासाठी जिल्हा न्यायालयात जायचं.

७. वकील फुकट मिळतो

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती. फोन करायचा तर १५१००. जमिनीचा वाद, मारहाण, घराबाहेर काढणं, काहीही असलं तरी आधी इथं जा. दिव्यांग व्यक्तीला चारचौघांत जाणूनबुजून अपमानित करणं, मारणं, उपाशी ठेवणं हा गुन्हा आहे आणि त्याला ६ महिने ते ५ वर्षं शिक्षा आहे. शाळेने किंवा कार्यालयाने हक्क नाकारला तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते.

मृत्युपत्र साध्या कागदावरही होतं, दोन साक्षीदार पाहिजेत. नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्या. "त्याचं भावंडं बघतील" एवढं लिहू नका. कोणता गट नंबर, कोणती ठेव, पैसे कुणाच्या हाती आणि कशासाठी, हे स्पष्ट लिहा. मोठी मिळकत असेल तर मुलाच्या नावे न्यास (ट्रस्ट) करण्याबद्दल वकिलाला विचारा.

८. शेवटी एक वही

ही कुठल्या कार्यालयात लागत नाही. शंभर पानी वही घ्या आणि आपल्यानंतर जो त्याला सांभाळेल त्याच्यासाठी लिहा. आमच्या वहीचं पहिलं पान आईने सांगितलं, मी लिहिलं:

"भाकरी दुधात कुस्करून, वरून साखर नको. फिटची गोळी सकाळी आठ आणि रात्री आठ, चुकवायची नाही. विजा कडाडल्या की गोधडीत शिरतो, ओढून बाहेर काढू नका, शेजारी बसा. कोरेगावच्या स्टँडवर हात सोडू नका. अनोळखी माणसाला 'हो' म्हणतो, म्हणून त्याच्या 'हो'वर विसंबू नका. गाईला पाणी पाजायचं काम त्याचं आहे, ते दुसऱ्या कुणी करायचं नाही."