सरांशी बोलताना या चुका टाळा

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत नववी-दहावीच्या मुलांना गणित-विज्ञान शिकवते. परीक्षेचे पेपर हातात पडले की दर वर्षी तेच. "मॅडम, सरांनी मार्क कापले." मग विचारलंस का? मान खाली. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची फुटबॉल मॅच असली की याच पोरांचा आवाज रेफ्रीपर्यंत जातो. आवाज आहे, पण तो स्वतःसाठी कसा वापरायचा हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

घरच्यांना पुढं घालणं

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडच्या एका मुलाला दहावीच्या पूर्वपरीक्षेत विज्ञान भाग १ मध्ये ४० पैकी १९ मिळाले. बेरीज केली तर २३ होत होती. पुरवणीचा दोरा सुटून ती शेवटच्या पानामागं उलटी अडकली होती. आत लाल पेनानं ४ गुण दिलेले होते, पण पहिल्या पानावरच्या तक्त्यात त्या प्रश्नापुढं नुसती रेघ. दाखवलं असतं तर एका मिनिटाचं काम.

त्यानं घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत काका स्टाफरूममध्ये शिरले आणि चार शिक्षकांसमोर म्हणाले, "आमच्या पोराचे मार्क का खाल्ले?" सर म्हणाले, "पेपर तपासून झालाय, आता काही होणार नाही." मुलगा दाराबाहेर उभा होता आणि पेपर त्याच्या दप्तरातच राहिला. तो कुणी उघडलाच नाही.

संध्याकाळी तो माझ्याकडं आला. मी त्याला सरांना काय सांगायचं ते वहीत लिहायला लावलं आणि चार वेळा मोठ्यानं म्हणून घेतलं. पुरवणीच्या पानावर एक कोरी चिठ्ठी खोचली. तपासलेल्या पेपरवर आपलं पेन कधीच टेकवायचं नाही, नाहीतर खरा गुणसुद्धा संशयात येतो. शाळा सुटल्यावर सर गाडीजवळ एकटे दिसले तेव्हा तो गेला. "सर, काल काका बोलले त्याबद्दल माफ करा. पुरवणीतला प्रश्न बेरजेत धरायचा राहिलाय असं मला वाटतं. बघाल का?" सरांनी गाडीच्या सीटवर पेपर ठेवला, चिठ्ठीचं पान उघडलं, खिशातून लाल पेन काढलं. १९ खोडून २३ केले आणि शेजारी सही केली. "अरे, आधी तूच यायचं होतंस की," एवढंच बोलले.

मोठ्यांनी कधीच जाऊ नये असं मी म्हणत नाही. मारलं, जातीवरून किंवा घरच्या गरिबीवरून बोललं, नको तिथं हात लावला, तर नीट बोलण्याची तयारी करत बसू नका. त्याच दिवशी घरी सांगा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यावर बंदी घातली आहे. घरी बोलता येत नसेल तर १०९८ या मुलांच्या मदतीच्या नंबरवर फोन लावा.

काही घरांत उलटं असतं. गुरुजींच्या तोंडाला लागायचं नाही, असं आजी बजावते. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला. ज्या गावात राजानं शाळा दारापर्यंत आणली, तिथं शंका विचारणं म्हणजे उलट बोलणं कसं होईल?

"सर, मार्क वाढवा की"

गुण मागायचे नसतात, उत्तराबद्दल विचारायचं असतं. "किरणाकृतीचे २ गुण गेले ते बाण काढले नाहीत म्हणून, की नावं दिली नाहीत म्हणून?" असं विचारलं की सरांना पानाकडं बघावंच लागतं. गुण वाढले नाहीत तरी पुढच्या पेपरात बाण येतात. हे सांगितलं की काहीजण म्हणतात, "मॅडम, तुम्हीच मेसेज टाइप करून द्या, आम्ही सरांना पाठवतो." मी देत नाही. ज्यानं स्वतःचं वाक्य स्वतः जुळवलं नाही, तो सरांच्या पहिल्याच प्रश्नाला अडतो. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर असली गोष्ट अजिबात टाकू नका.

बाकीच्या चुका

"सर, कुणालाच समजलं नाही." दुसऱ्यांचं राहू दे, स्वतःपुरतं बोला. आणि नुसतं "समजलं नाही" म्हणू नका. "तिसऱ्या पायरीपर्यंत आलं, चौथी कशी आली?" असं विचारा.

घंटा झाल्यावर सरांना दारात अडवू नका.

निकालानंतर जागं होऊ नका. बोर्डाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते, ती घेतल्यावर पुनर्मूल्यांकनही मागता येतं. पण ती छायाप्रत लेखी पेपरची असते. शाळेकडून जाणारे अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण तिच्यात दिसत नाहीत. त्यांची चौकशी शाळा गुण पाठवते त्याच्या आधी करायची.

सर एकदा "नाही" म्हणाले म्हणून रडत घरी जाऊ नका. दोन दिवस थांबा, परत विचारा. तरी ऐकलं नाही तर वर्गशिक्षकांकडं जा, मग मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहा. अर्ज चार ओळींचाच असू दे: विषय, प्रश्न क्रमांक, काय राहिलं, काय हवंय. दोन प्रती काढा. एक ऑफिसात द्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख मारून घ्या. क्लार्क "नंतर ये" म्हणाले तर "थांबतो, सर" म्हणा आणि खिडकीशी उभे राहा.