रिपोर्टवरचा सगळ्यात लहान आकडा निवडू नका

संसर्गरोग विभागात पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न कानावर पडतो: "पेशंटचा ताप उतरत नाहीये, आता कोणतं अँटिबायोटिक लावू?" औषधाचं नाव सांगून मोकळं व्हायचा मोह आवरा आणि आधी पेशंटपाशी जा. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) कधी घातली, लघवीची नळी किती दिवसांची आहे, हृदयात कृत्रिम झडप आहे का, हे फाइलमध्ये बहुतेक वेळा अर्धवटच असतं. सलाइनच्या जुन्या जागा दाबून बघा, कणा मणक्यामणक्यावर हलकेच ठोकून बघा. पोटात पू साचला असेल तर तो काढेपर्यंत नुसती औषधं बदलून काही हाती लागत नाही.

खरा सापळा सेन्सिटिव्हिटी रिपोर्टचा, म्हणजे पेशंटच्या जंतूवर कोणतं औषध चालेल ते सांगणाऱ्या कागदाचा. प्रत्येक औषधापुढे एमआयसीचा आकडा असतो, म्हणजे जंतूची वाढ रोखायला त्या औषधाची किमान किती तीव्रता लागते ते. आकडा लहान तितकं औषध जोरदार, असं वाटतं. ते चूक आहे. समजा, लघवीतल्या ई. कोलायला नायट्रोफ्युरँटॉइन 16 आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन 2 आलं. सीएलएसआय या अमेरिकी मानक-संस्थेच्या निकषांनुसार पहिलं 32 पर्यंत चालतं, दुसरं फक्त 1 पर्यंत. म्हणजे 16 वालं चालेल, 2 वालं नाही. आकडा त्याच औषधाच्या ब्रेकपॉइंटशी, म्हणजे ते ज्या आकड्यापर्यंत चालतं त्या मर्यादेशी ताडायचा, शेजारच्या औषधाशी कधीच नाही. रात्री दोन वाजता, डोळे मिटत असताना, नेमकं हेच विसरलं जातं.

एवढं जमलं तरी अर्धा सापळा उरतोच. रिपोर्टवरचं 'एस' (ससेप्टिबल, म्हणजे जंतू औषधाला दाद देतो) हे अक्षर औषध शरीरात कुठवर पोचतं ते सांगत नाही. तेच नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयाच्या संसर्गाला उत्तम, पण थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखणं असेल तर निरुपयोगी, कारण मूत्रपिंडाच्या ऊतीत आणि रक्तात ते पुरेसं साचतच नाही. डॅप्टोमायसिन न्यूमोनियात देऊ नका. फुप्फुसाच्या आतलं सर्फॅक्टंट नावाचं अस्तर त्याला निष्प्रभ करतं.

सुरुवातीला हे सगळं डोक्यात राहत नाही, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. ब्रेकपॉइंट पाठ करायचे नसतात, उघडून बघायचे असतात. मात्र औषध सुचवणाऱ्या अ‍ॅपवर विसंबू नका. त्याला पेशंटची पाठ दिसत नाही. आणि शिकायचं तर रोज सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाऊन जंतू वाढवलेल्या प्लेट स्वतः बघणाऱ्या वरिष्ठांचा हात धरा. ताप दिसला की मेरोपेनेमसारखं राखीव, जबर अँटिबायोटिक लिहिणाऱ्यांकडून फक्त घाई शिकाल.

पहिल्या डोसआधी ब्लड कल्चरचे (रक्तातला जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीचे) किमान दोन संच घ्या, वेगवेगळ्या जागी सुई टोचून, प्रौढांत प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिली. बाटली अर्धवट भरली की जंतू हुकतो. सेप्टिक शॉक (संसर्गामुळे रक्तदाब कोसळणं) असेल तर मात्र कल्चरसाठी औषध रखडवू नका.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस एकाच बाटलीत वाढला तरी 'कंटॅमिनेशन' (त्वचेवरून चुकून मिसळलेला जंतू) म्हणून सोडू नका. एको (हृदयाची सोनोग्राफी) करा आणि रक्त स्वच्छ होईपर्यंत दर 24 ते 48 तासांनी कल्चर घ्या. उपचाराचे दिवस पहिल्या डोसपासून नव्हे, पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून मोजा: कमीत कमी 14, गुंतागुंत असेल तर 4 ते 6 आठवडे. जंतू मेथिसिलिनला दाद देणारा निघाला आणि मेंदूपर्यंत संसर्ग गेलेला नसला, तर त्याच दिवशी, आधी अंदाजाने लावलेलं व्हँकोमायसिन थांबवून सेफाझोलिन सुरू करा.