मूलभूत उत्पन्नाची चाचणी घेताय? या चुका टाळा

मूलभूत उत्पन्न म्हणजे कोणतीही अट न घालता प्रत्येकाला नियमित दिली जाणारी रोख रक्कम. पण नुसते पैसे वाटले म्हणजे चाचणी झाली असं नाही. खरी चाचणी पहिला हप्ता पडण्याआधीच सुरू होते, आणि नव्या मंडळींना नेमका तोच भाग उरकायची घाई असते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे गावातली काही घरं निवडून त्यांनाच पैसे द्यायचे आणि तुलना शेजारच्या घरांशी करायची. गावात पैसा एका उंबऱ्याआड राहत नाही. उधारी फिटते, किराणा दुकान चालतं, जावेच्या घरी मदत जाते. ज्यांना ‘न मिळालेले’ म्हणून मोजता, त्यांच्यापर्यंतही तो पोचलेला असतो. मध्य प्रदेशात 2011 साली कष्टकरी बायकांच्या ‘सेवा’ संघटनेने युनिसेफच्या मदतीने हे नीट केलं. 8 गावांत सरसकट सगळ्यांना पैसे दिले. सुरुवातीला मोठ्यांना महिना 200 रुपये आणि मुलांमागे 100. तुलनेसाठी 12 गावं वेगळी ठेवली. खर्च वाढतो, पण यात काटकसर करू नका.

प्रश्न विचारण्यातही घोळ होतो. एका पाहणीत गावातल्या बायका आमच्याशी बोलत होत्या आणि सरपंच ओट्यावर बसून ऐकत होते. ‘पैसे कशाला वापरले?’ याला घरोघरी एकच उत्तर, मुलांच्या शिक्षणाला. ती सगळी पानं बाद करावी लागली. मी हा प्रश्न विचारतच नाही. गेल्या आठवड्यात काय शिजलं, कोणाची उधारी बाकी आहे, दवाखान्यात कोण गेलं, हे विचारते. तेही बाईला एकटीला, आणि पैसे जाहीर होण्याआधी एकदा विचारून ठेवलेलं असतं.

चाचणी चालू असताना बाकीचे नियम बदलू देऊ नका. फिनलंडने 2017-18 मध्ये 2000 बेरोजगारांना महिना 560 युरो दिले. मधेच, जानेवारी 2018 पासून, सरकारने बेकारभत्त्याला नव्या अटी लावल्या. दुसऱ्या वर्षी लाभार्थ्यांनी सरासरी 6 दिवस जास्त काम केलं खरं, पण ते मूलभूत उत्पन्नामुळे की त्या अटींमुळे, हे आता वेगळं काढता येत नाही.

‘लाडकी बहीण’चा दाखला इथे देऊ नका. त्यात उत्पन्नाची मर्यादा आहे.

विश्लेषणाचा पैसा आधीच बाजूला काढा. कॅनडातल्या डॉफिन गावचा किमान उत्पन्नाच्या हमीचा प्रयोग 1979 मध्ये गुंडाळला आणि कागद खोक्यांत पडून राहिले. रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण 8.5 टक्क्यांनी घटलं होतं, हे अर्थतज्ज्ञ एव्हलिन फोर्जे यांनी 2011 मध्ये दाखवलं.