पडुकात भाड्याने घर घेताय? आधी पुराचा नकाशा बघा

अमेरिकेच्या केंटकी राज्यातलं पडुका ओहायो आणि टेनेसी नद्यांच्या संगमावर आहे. मोठ्या शहरांच्या मानाने भाडी आटोक्यात, गाव देखणं. पण १९३७च्या महापुरात ते बुडालं होतं, पूरभिंत त्यानंतरची. म्हणून करारावर सही करण्याआधी ‘फेमा’च्या (अमेरिकी सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या) ऑनलाइन पूरनकाशात घराचा पत्ता टाका. विभागाचं नाव ‘ए’ने सुरू झालं, तर धोका जास्त. आणि हे नीट लक्षात घ्या: भाडेकरूंच्या नेहमीच्या विम्यात पुराची भरपाई नसते. घरमालकाचा विमा इमारतीपुरता, तुमचं सामान त्यात येत नाही. सामानासाठी सरकारी पूरविमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो लागू व्हायला साधारण ३० दिवस लागतात, त्यामुळे राहायला जाण्याच्या महिनाभर आधीच अर्ज करा. तळघरातली खोली कितीही स्वस्त असली तरी मी घेणार नाही. तिथल्या सामानाला हा विमाही फारसा लागू होत नाही.