दुसऱ्याच्या चित्राचा फोटो काढताना

पहिल्या लांबच्या प्रवासाहून परतलो तेव्हा कार्डात चारशेच्या वर फोटो नुसते संग्रहालयांतल्या चित्रांचे होते. कुणाचं चित्र, कधीचं, काही पत्ता नाही. वर निम्म्या चित्रांच्या काचेत माझा पांढरा टी-शर्ट. ती चित्रं इंटरनेटवर माझ्या फोटोंपेक्षा शंभरपट चांगली दिसतात, मग मी तिथून आणलं काय? तेव्हापासून धडपडत जी पद्धत बसली ती सांगतो.

दालनात शिरल्यावर पहिली फेरी मोकळ्या हातांनी मारायची. जे चित्र दुसऱ्यांदा ओढून नेईल त्याच्यापाशीच कॅमेरा उघडायचा. एका दालनात तीन-चारच्या वर अशी चित्रं निघत नाहीत. फोटोआधी शेजारच्या पाटीचा फोटो घ्यायचा. आधीच, कारण नंतर म्हटलं की राहिलंच.

काचेचा उपाय सोपा आहे: गडद कपडे घाला. पोलरायझर फिल्टरवर, म्हणजे लेन्सवर लावायच्या चकाकी कापणाऱ्या काचेवर, फार विसंबू नका. अगदी समोर उभं राहिलात तर तो काचेतलं प्रतिबिंब कापतच नाही. त्याचं काम तिरक्या कोनातून चालतं, काचेच्या लंबाशी साधारण 56 अंशांवर सगळ्यात जास्त. शिवाय एक-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). मी तो बॅगेतच ठेवतो आणि दोन पावलं बाजूला सरकतो. फ्लॅश अर्थातच बंद, फोनचासुद्धा. ऑटोवर राहिला तर तो नेमका नको तिथे उडतो.

आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावलात आणि फोटोवर आडवे पट्टे आले तर कॅमेरा बिघडलेला नसतो. 50 हर्ट्झची वीज असेल तिथे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. शटर 1/50 किंवा 1/100 सेकंदावर ठेवा. 60 हर्ट्झच्या देशात 1/60 किंवा 1/120. चौकट तिरकी येत असेल तर लेन्स चित्राच्या मध्याच्या उंचीवर आणि सेन्सर भिंतीला समांतर हवा. वाइड लेन्स लावून जवळ जाण्यापेक्षा 50 मिलिमीटरची लेन्स घेऊन मागे हटलेलं बरं.

इतकं सगळं जमलं तरी हातात येते ती नक्कलच. स्वतःचा म्हणावा असा फोटो बहुतेक वेळा चित्राच्या आसपास असतो.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात हे मला गर्दीनं शिकवलं. मोनालिसा जेमतेम 77 बाय 53 सेंटिमीटर. पुढे वर केलेल्या हातांचं आणि फोनच्या पडद्यांचं रान. वैतागून मागे वळलो तर समोरची अख्खी भिंत व्हेरोनेझेच्या चित्रानं भरलेली. ‘काना गावातलं लग्न’, 1563 चं, जवळजवळ दहा मीटर रुंद. त्याच्याकडे बहुतेकांची पाठ! मी त्या पाठींचाच फोटो घेतला, मागे ते भलंथोरलं चित्र. त्या दिवसाचा तेवढा एकच फोटो अजून ठेवलाय. तेव्हा प्रसिद्ध चित्रासमोर पोचलात की एकदा मागे वळून बघा.

दुसरी जागा म्हणजे जिथे माणसांचा हात लागलाय ती. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स बॅसिलिकात संत पीटरचा ब्राँझचा पुतळा बसलेला आहे. त्याच्या उजव्या पावलाला भाविकांनी इतका स्पर्श केलाय की बोटं झिजून एकमेकांत मिसळलीत. साबणाची वडी वापरून वापरून होते तशी. बाकीचा पुतळा काळपट, पाऊल मात्र लख्ख. कॅमेरा काळ्याला भुलतो आणि पाऊल पांढरंफटक करून टाकतो. म्हणून पावलावर स्पॉट मीटरिंग (फक्त त्या ठिपक्यापुरता उजेड मोजणं) लावायचं किंवा सरळ एक स्टॉप कमी करायचा, आणि कुणाचा तरी हात येईपर्यंत थांबायचं. मी पंधरा-वीस मिनिटं थांबलो. आला तो एका लहान मुलीचा हात. तिचा हात पावलापर्यंत पोचत नव्हता, कुणीतरी खालून उचलून धरलं होतं.

रंगीत काचांच्या इमारतीत वेळ साधावी लागते. बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलिया चर्चमध्ये पूर्वेच्या काचा निळ्या-हिरव्या, पश्चिमेच्या लाल-केशरी. सकाळी गेलेल्याला आणि दुपारनंतर गेलेल्याला दोन वेगळ्या वास्तू दिसतात. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटा आपोआप जुळवणारी सेटिंग, तो रंग ‘दुरुस्त’ करायला बघतो. ती ‘डेलाइट’वर पक्की करून ठेवा. कोरीव शिल्पांना तिरका उजेड हवा. समोरून पडला की सगळं सपाट.

रस्त्यावरच्या भित्तिचित्राचा एक फोटो सरळ समोरून, एक माणूस जाताना. कोपऱ्यातली चित्रकाराची सही कापू नका. विकायचा विचार असेल तर त्या देशाचा नियम आधी बघा. आयफेल टॉवरची रात्रीची रोषणाईसुद्धा कॉपीराइटखाली येते.

आणि जिथे कॅमेराच चालत नाही, तिथे? व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपेलमध्ये बंदी, माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात बंदी. पहिल्यांदा मी चिडलो होतो. आता खिशात छोटी वही आणि पेन्सिल असते. प्रादोत वेलास्केसच्या ‘लास मेनिनास’समोर, 1656 च्या, ती उघडली. डावीकडे तो चित्रकार स्वतः उभा आहे आणि त्याच्या पुढ्यातल्या कॅनव्हासची आपल्याला फक्त पाठ दिसते, हे मला छापील चित्रात कधी जाणवलं नव्हतं. पेन्सिलीनं ती लाकडी चौकट ओढताना जाणवलं. मग अगदी मागे, उघड्या दारातल्या पायऱ्यांवर थबकलेला माणूस. आत येतोय की निघालाय? त्याचे पाय मी चार वेळा खोडले. वहीत अजून त्याला तीन पाय आहेत.