मूल स्वतःला मारतं तेव्हा: कारण शोधणारी नोंदवही

न बोलणारं मूल भिंतीवर डोकं आपटतं, स्वतःचं मनगट चावतं, तेव्हा घरच्यांना ते आधी थांबवायचं असतं. पण असं केल्याने त्याला काय मिळतं, हे कळल्याशिवाय केलेले उपाय बहुधा फसतात. १९८२ साली वर्तनाचे अभ्यासक ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये विकासात अडचणी असलेल्या नऊ मुलांचं निरीक्षण केलं. १५ मिनिटांची सत्रं, परिस्थिती चार: मूल एकटं असताना, मोकळं खेळताना, अभ्यास करून घेताना, आणि मारून घेतल्यावर कुणी 'असं करू नको' म्हणत जवळ येताना. नऊपैकी सहा जणांत हे वर्तन एका ठरावीक परिस्थितीत वाढत होतं, आणि ती परिस्थिती प्रत्येकाची एकच नव्हती. हा प्रयोग घरी करू नका, त्याला डॉक्टर जवळ लागतात. घरी नोंद ठेवा.

त्याआधी दुखणं तपासा. वर्तन अचानक सुरू झालं किंवा वाढलं असेल, तर दात, कान, बद्धकोष्ठता, पित्त, वयात आलेल्या मुलींची पाळी, हे सगळं डॉक्टरांकडून पाहून घ्या. किशोरवयात फिट येऊ लागण्याची शक्यताही वाढते. किडलेली दाढ असेल तर वहीत कितीही लिहिलं तरी मारणं थांबणार नाही.

वहीत सहा रकाने आखा: वेळ, जागा आणि सोबत कोण, लगेच आधी काय झालं, मुलाने नेमकं काय केलं, लगेच नंतर काय झालं, आणि त्या दिवशीची झोप, शौच, औषध. नोंद अशी हवी: 'सकाळी ७.४०, बाथरूम, आई. ब्रश तोंडाजवळ नेला. डावं मनगट दोनदा चावलं. ब्रश ठेवून दिला, नुसती चूळ भरली.' 'उगाच चिडला', 'हट्ट केला' हे लिहू नका, ते आपलं मत झालं. रात्री आठवून लिहिलं की 'आधी काय झालं' हेच नेमकं निसटतं, म्हणून वही हाताशी ठेवा. ब्रश करूनही चावलं नाही, तो दिवसही लिहा. त्या दिवशी काय वेगळं होतं हे सोन्याच्या मोलाचं असतं.

दोन आठवड्यांनी 'नंतर काय झालं' हा रकाना सलग वाचा. बहुतेक वेळा काम टळलं? कुणी धावत आलं? मोबाईल किंवा खाऊ मिळाला? कुणीही नसताना, काहीही न मिळता चालूच राहिलं, तर त्या क्रियेतूनच शरीराला काही मिळत असावं किंवा कुठे दुखत असावं.

पुढची पायरी एडवर्ड कार आणि मार्क डुरँड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली दाखवली: तेच मिळवायचा सोपा मार्ग शिकवा. काम टाळण्यासाठी चावत असेल तर तळहाताएवढं 'थांब' कार्ड द्या. ब्रश जवळ नेताच, चावण्यापूर्वीच, एकाने मागून हात धरून कार्ड द्यायला लावावं आणि समोरच्याने त्याच क्षणी ब्रश खाली ठेवावा. मिनिटभराने पुन्हा सुरू करा. सुरुवातीला प्रत्येक कार्डाला मान द्या, आजी-आजोबांनीसुद्धा. एकाने जरी 'आत्ता नाही' म्हटलं, तरी चावणंच जास्त खात्रीचं, हे मूल शिकतं.

चावून काम टळेनासं झालं की काही दिवस चावणं वाढू शकतं. इथेच घरं हार मानतात. सर्वांत जोरात आपटल्यावर सोडून दिलं, तर पुढच्या वेळी सुरुवातच तेवढ्या जोरात होते. या काळात डोकं आणि भिंत यांच्यामध्ये उशी धरा, पण बोलणं आणि चेहरा शांत ठेवा. जखम होण्याइतका जोर असेल तर हा टप्पा वर्तनतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय करू नका. डोक्याला मार लागल्यावर उलटी झाली, गुंगी आली किंवा डोळ्याला लागलं तर लगेच दवाखाना गाठा.

औषध बदललं, डोस वाढला, तर वहीत ती तारीख लाल पेनाने लिहा. त्याच आठवड्यात नवं कार्ड किंवा नवी थेरपी सुरू करू नका, नाहीतर फरक कशाने पडला हे डॉक्टरांनाही सांगता येणार नाही.